चुलीचे तीन दगड आणि पाच गुंठे पोटखराबा

मी, म्हस्कू धोंडिबा कोळपे, वय एकोणऐंशी, राहणार केंदूर, तालुका शिरूर. कान गेले आहेत, डोकं जागेवर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाच्याही दबावाखाली नाही, उलट मुलगा हनुमंत कंपनीत ड्यूटीला गेलेला असताना, हे मृत्युपत्र नात अंकिताकडून लिहवून घेत आहे.

१. खालचं बागायत रान, विहीर आणि बंगला हनुमंतला. मेंढरं विकून त्याला शिकवला. आता पाहुणे आले की माझी घोंगडी माळ्यावर जाते. म्हणून घोंगडीही त्यालाच.

२. लोकर कापायची कातर, मेंढरांभोवती लावायची वाघर आणि माझी काठी मुलगी म्हाळसाला. ती आणि जावई अजून ऐंशी मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कोकणात उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परततात.

३. टेकडीवरचे पाच गुंठे. सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे काही न पिकणारी जमीन. तिथे आमच्या जुन्या मेंढवाड्याची दगडी भिंत गुडघाभर उरली आहे. पावसाळ्यात म्हाळसाची मेंढरं तिथेच थांबतात, त्यांना दुसरी जागा नाही. हनुमंतला ती प्लॉटिंगवाल्याला विकायची आहे.

मागे कॉलेजची मुलं मोजमाप घ्यायला आली, तर मेंढवाडा म्हणायची लाज वाटून हनुमंत त्यांना म्हणाला, "किल्ल्याची चौकी हाय ही, लई जुनी." आठवड्यात गावाने आतल्या तीन दगडांना शेंदूर फासला. सूनबाई सुषमा दर अमावस्येला तिथे नारळ फोडते. ती माझ्या बायकोची, वच्छलाची चूल आहे. तिने धुरात डोळे घालवले, तेव्हा कोणी हात जोडले नाहीत. मीही नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

हे पाच गुंठे म्हाळसाला. शेंदूर राहू द्यावा. देव म्हटल्यावर प्लॉटिंगवाले जरा दबकतात.

४. शेजारचे मच्छिंद्र आप्पा साकोरे पूर्वी खतासाठी आमची मेंढरं रानात बसवायला महिनाभर आधी निरोप धाडायचे. मग युरिया आला आणि त्यांनी टेकडीच्या वाटेवर तारेचं कुंपण घातलं. आज साक्षीला आले आणि माझ्या कानाशी ओरडून म्हणाले, "आबा, जमीन पार मेली बघा. यंदा बसवा की मेंढरं."

"आधी कुंपण काढा," मी म्हणालो.

कुंपण निघेपर्यंत म्हाळसाने त्यांना एक लेंडीही देऊ नये.

५. हनुमंत, तुझा जन्म पुण्याच्या दवाखान्यात झाला असं तू सगळ्यांना सांगतोस. सांग बापडा. पण तुझी नाळ त्या चुलीमागे, भिंतीच्या कोपऱ्यात पुरली आहे. कोर्टात जाऊन बहिणीचे पाच गुंठे मिळवलेसच, तर विकण्याआधी तेवढी जागा स्वतःच्या हाताने उकर.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. वाटणीची घाई करू नये, मी अजून आहे.

ठिकाण: केंदूर
दिनांक: १८ मे २०२५
सही: म्हस्कू धोंडिबा कोळपे

साक्षीदार:
१) मच्छिंद्र साकोरे. सही. कलम चार वाचून, नाराजीने.
२) सरूबाई ठोंबरे, वय ८२. डाव्या हाताचा अंगठा. हनुमंतची नाळ हिनेच कापली. त्याचीही ही साक्ष.