आईने रंगवलेली फुलदाणी

मी, हेस्टर टनिक्लिफ, वय अठ्ठ्याहत्तर, अविवाहित, भांड्यांवर चित्रे रंगवण्याच्या कामातून निवृत्त, राहणार बर्सलेम, स्टॅफर्डशायर, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. गुडघे सोडले तर प्रकृती ठीक आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे; ते रागात लिहिले होते.

१. स्टौरब्रिजची जुनी रंगीत काच, एकवीस नग, श्री. विल्फ मेचिन यांना द्यावी. वीस वर्षे दर रविवारी त्यांनी मला गाडीतून जुन्या वस्तूंच्या बाजारात नेले आणि माझी घासाघीस निमूटपणे ऐकली. ते साक्षीदार व्हायला निघाले होते. साक्षीदाराला काही मिळत नाही असे वकिलांनी सांगताच मागे सरले. हिरव्या सुरईला तडा आहे. ती "अगदी निर्दोष" म्हणून त्यांनीच मला घ्यायला लावली होती.

२. घर आणि चिनी मातीच्या सर्व जुन्या वस्तू माझी धाकटी बहीण ओलिव्ह हिला. तिला काहीही का देऊ नये, हे मी आधी दीड पान लिहिले होते. आमची आई इथल्याच कारखान्यात भांडी रंगवायची. स्वतःसाठी तिने एकच फुलदाणी रंगवली, निळ्या आयरिसच्या फुलांची. आईला पुरून आलो त्या दिवशी ती फुलदाणी ओलिव्हने नेली. मी मागितली, तर "देणार नाही" एवढेच म्हणाली. एका गावात राहून आम्ही एकतीस वर्षे बोललो नाही. आईच्या हातचे दुसरे काही सापडेल म्हणून मी बाजार पालथे घातले. ते सापडले नाही, घर मात्र भरले.

गेल्या मार्चमध्ये ओलिव्ह बिस्किटांचा डबा घेऊन दारात आली. मी आत ये म्हटले नाही. तिने डबा उघडला. आत फुलदाणीचे तुकडे होते.

"बसमधून उतरताना पडली गं. त्याच दिवशी. तुला सांगायची छाती झाली नाही."

"मग देणार नाही असं का म्हणालीस?"

"द्यायला होतं काय माझ्याकडे?"

मी पायरीवरच बसले. जिला इतकी वर्षे हावरी समजले, ती नुसती घाबरली होती. रडू येईल असे वाटले, आले हसू. मग दोघींनी चीज घालून ओटकेक, म्हणजे आमच्याकडची ओटच्या पिठाची धिरडी, खाल्ले, चार-चार.

३. तो डबा माझ्याबरोबर पुरावा. तुकडे जोडू नयेत. वर आईने विचारले, तर माझ्याच हातून पडली असे मी सांगेन. ओलिव्हने तोंड उघडू नये.

सही होईपर्यंत ओलिव्ह स्वयंपाकघरात थांबली आहे. त्यानंतर आम्ही दोघी चार दिवस लँडडनोला समुद्रावर जात आहोत. वकिलांनी काही विचारायचे असल्यास सोमवारनंतर विचारावे.

सही : हेस्टर टनिक्लिफ
साक्षीदार : डोरीन हीथ, शेजारीण
साक्षीदार : सिरिल बर्जेस, औषधविक्रेते
बर्सलेम, १४ मे १९९३