कोंड्याची बिस्किटं

बाबा, आईची नजर आता जवळजवळ गेलीच आहे, आणि दोष ती स्वतःला देते. म्हणून तुम्हाला लिहायला बसलो.

सरकारी क्वार्टरमधलं आपलं स्वयंपाकघर आठवतं. पालकानं रक्त वाढतं, हे शाळेत शिकून आलेलं मी ऐटीत सांगितलं, तर हातातला घास तसाच ठेवून तुम्ही मला झापलंत, "कुणी तपासलं? कुणावर? बाई म्हणाल्या की झाला पुरावा?" पोषण विभागातली तुमची नोकरी, त्यामुळे जेवताना ही उलटतपासणी ठरलेली. मला केवढा अभिमान होता तुमचा.

मग ती नोकरी सोडून तुम्ही गुडगावच्या खाद्यकंपनीत गेलात. आपण लिफ्टवाल्या सोसायटीत राहायला आलो, आणि बिस्किटांच्या पुड्यावर तुम्ही लिहिलंत, 'कोंडा ठेवतो साखर ताब्यात'. आईला मधुमेह. ह्यांनी लिहिलंय म्हटल्यावर ती भाकरी सोडून तीच बिस्किटं खायला लागली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणूनही तेच पुडे वाटले तिनं. शेजारच्या काकूंनी विचारलं, "भावजी, शुगरवाल्यांना खरंच चालतात ना?" "अहो, बिल्कुल," म्हणालात आणि आत निघून गेलात.

मी मागोमाग आलो. कुणी तपासलं, हे त्या दिवशी मी विचारलं. तपासला होता नुसता कोंडा. मैदा, साखर, डालडा घातलेलं बिस्किट कुणी तपासलंच नव्हतं. "खोटं एक अक्षर नाही त्यात," तुम्ही म्हणालात, "कोंडा चांगलाच असतो."

"मग आईला सांगा ना."

"नोकरी आहे रे ती. तिला कळलं की सोसायटीभर होईल." वर मलाच शपथ घातलीत.

राग येतो बाबा, अजून येतो. डोळे बिस्किटांनीच गेले असं मी म्हणणार नाही, तेवढा पुरावा माझ्याकडे नाही. पाहा, तुमची शिकवण मी पाळतोय. तुम्ही मात्र स्वतःच्या बायकोपुरतीही पाळली नाहीत.

हे खरं तर तिला वाचून दाखवायला हवं. तुम्ही गेलात, शपथही संपली. पण आज सकाळी ती पुन्हा म्हणाली, "ह्यांनी एवढं शोधून लिहिलं होतं, माझंच पथ्य कमी पडलं." मी चहा गाळत होतो. गाळतच राहिलो.