इन्व्हर्टरचे एकशे नव्वद व्होल्ट

आई,

आज वर्गात मुलांना इन्व्हर्टरचं आउटपुट मोजायला शिकवलं आणि जयपूरचं, आदर्श नगरातलं आपलं स्वयंपाकघर आठवलं. बाबांची विमा कंपनीतली बदली तिथे झाली आणि वर्षभरात त्यांची फुफ्फुसं थकली. नाकाला नळी लावून ते ऑक्सिजनच्या मशीनपाशी बसून असायचे. मे महिन्यात दुपारची लाईट जायची, म्हणून इन्व्हर्टर आणला. तू शाळेत फिजिक्स शिकवायचीस. मशीन जोडण्याआधी तू मल्टिमीटर लावून पाहिलंस. आकडा आला एकशे नव्वद. हवे होते दोनशे तीस.

दुकानदार येऊन म्हणाला, "मॅडमजी, इन्वर्टर ठीक है, आपका मीटर गलत है." तो गेल्यावर मी म्हटलं, "मतलब, मीटरच बदलूया." तू चिडलीस. "आधी समजून घे, मग बदल." ओट्यावर तू शंभरचा पिवळा बल्ब लावतेस, आधी घरच्या लाईटवर, मग इन्व्हर्टरवर. खिडकीवर चादर, आपण दोघी घामाघूम. उजेड दोन्हीकडे सारखाच. "बल्ब तेवढाच तापतोय, म्हणजे व्होल्टेज पुरेसं आहे. आपला मीटर लहर गुळगुळीत आहे असं धरून आकडा काढतो. हा इन्व्हर्टर पायऱ्यापायऱ्यांची लहर देतो, म्हणून आकडा कमी दिसतो." मला वाटलं, प्रश्न मिटला. मग तू मशीन त्यावर लावलंस. ते घुरघुरायला लागलं, थोड्या वेळात त्याचं अंगही तापलं. बाबा म्हणाले, "चालेल गं, घटकाभराचा तर प्रश्न." तू ते लगेच परत घरच्या लाईटवर घेतलंस. "बल्बला चालतं ते मशीनमधल्या मोटरला चालत नाही." दुसऱ्या दिवशी भर उन्हात रिक्षा करून गेलीस, दुकानदाराशी वाद घातलास आणि गुळगुळीत लहर देणारा इन्व्हर्टर घेऊन आलीस.

पुढचा उन्हाळा यायच्या आत तूच गेलीस, शाळेत, फळ्यासमोर. आम्ही सगळे बाबांच्या काळजीत होतो, तुझ्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं. बाबा त्यानंतर कितीतरी वर्षं जगले. लाईट जायची, मशीनचा आवाज तसाच राहायचा, आणि ते माझ्याकडे न बघता म्हणायचे, "तिनं बदलून आणला होता."

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं लिहून टाकते. बल्बचा प्रयोग मी दरवर्षी दाखवते. कोणी शिकवला असं मुलांनी विचारलं की मी म्हणते, आमच्या एक बाई होत्या. आई म्हटलं, तर पुढचा तास घेता येणार नाही.