गडावरचं गाऱ्हाणं

मंगळवार, संध्याकाळ. कुडाळ एसटी स्टँड.

बायकोने, सुमनने दिलेला नारळ सॅकमध्ये घालून एकटाच गडावर जाऊन आलो. दोघं जाणार होतो, पण डॉक्टरांनी आता तिचे उपचारच थांबवलेत. वर उरलंय काय? पडका बुरुज, छप्पर नसलेलं देऊळ. गावच्या काकांनी नारळ धरून गाऱ्हाणं घातलं, "हेच्या घरकारणीची इडापिडा टाळ रे म्हाराजा!" यावर मी "व्हय म्हाराजा" म्हणायचं होतं. तोंडच उघडेना. काका थांबले, मग स्वतःच म्हणाले. का नाही म्हणालो? दोनच तर शब्द.

आत्ता सुमनचा फोन.

"व्हय म्हाराजा म्हटलंस मां?"

"म्हटलं."

"मगे फुडल्या खेपेक दोघांय जावया."

प्रसादाची कवड, फोडलेल्या नारळाची अर्धी वाटी, सॅकमध्ये आहे. तिच्या हातात कशी ठेवू?