रिकाम्या खोलीचा आवाज

३ मार्च, गेल्सेनकिर्शेन
आले एकदाची. एक्केचाळिसाव्या वर्षी पहिला अल्बम, तोही 'श्लाके'सारख्या बँडबरोबर. बंद पडलेल्या कोळसाखाणीच्या न्हाणीघरात स्टुडिओ थाटलाय. कामगार कपडे टांगून ज्या साखळ्या वर ओढत, त्या अजून छताला लटकताहेत. युप्प लोखंडी पत्र्यांवर हातोडे घालतो आणि त्याला ड्रम म्हणतो. ध्वनिमुद्रणाचं सगळं ऑर्टविनकडे. युप्पनं स्वागत केलं ते असं, की ये विब्के, आमच्या भंगारात एक गळाच तेवढा कमी होता.

आईला फोन केला. ती म्हणाली, अगं, या वेळी शब्द तरी कळतील ना, का पुन्हा भंगारवाल्याची गाडी? बाबा गेल्यापासून तिनं घरात रेडिओसुद्धा लावलेला नाही. इथलं गाणं मात्र तिला ऐकवणारच. त्यासाठीच तर आलेय.

४ मार्च
ऑर्टविननं आज रिकाम्या खोलीचा आवाज घेतला. पंख्याची घरघर, दिव्यांची गुणगुण मशीनला एकदा शिकवली की ती प्रत्येक गाण्यातून तेवढंच पुसून टाकते. गोंगाट आपला असावा, इमारतीचा कशाला, असं त्याचं म्हणणं.

ध्वनिमुद्रणाचा लाल दिवा लागला तेव्हा मी खांबामागे ओळी पाठ करत होते. दिवा मला दिसलाच नाही, तिथेच हळू गुणगुणत बसले. नंतर कळल्यावर त्याला सांगितलं, तर हसला. पुन्हा घ्यायचा कंटाळा. चालतंय गं, म्हणाला.

७ मार्च
मन लावून गायले. युप्पनं चक्क हातोडा खाली ठेवून ऐकलं. पण साफ केलेलं गाणं ऐकलं, तर आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा. ऑर्टविन म्हणाला, माइकच्या जवळ ये.

१० मार्च
आजच्या गाण्यात मी नाहीच. पत्रे आहेत, गिटार आहे, माझ्या जागी नुसती पोकळी. ऑर्टविननं तारा तपासल्या.

जेवताना युप्पकडे मोहरीची चटणी मागितली. पुन्हा मागितली. तो माझ्याकडे बघत सॉसेज चावत राहिला. मग ऑर्टविनला म्हणाला, विब्के आज आलीच नाही का? मला वाटलं, टिंगल करताहेत. मीही हसले. कुणीच वळून पाहिलं नाही.

११ मार्च
आईला फोन. हॅलो, हॅलो, कोण आहे, विचारत राहिली. मी बोलतच होते. शेवटी म्हणाली, बोलायचं नसेल तर फोन कशाला करता? आणि ठेवून दिला.
मला भीती वाटतेय. फार भीती वाटतेय.

१३ मार्च
ती मशीनच. तिनं मलाही खोलीच्या आवाजात धरलंय. ऑर्टविनसमोर चिठ्ठी लिहून ठेवली, त्यानं तिच्यावर कॉफीचा मग ठेवला. तो नमुना पुसायला मी स्वतः बटण दाबलं. खटका वाजला नाही. पुन्हा दाबलं. बोटं दुखेपर्यंत—

१४ मार्च
युप्पनं आईला कळवलं, विब्के न सांगता निघून गेली.

आई आलीय. बटाट्याच्या सॅलडचा डबा घेऊन. भर दुपारी, माझ्यासमोर बसलीय. लिहितेय, कारण दुसरं काही—

ऑर्टविननं तिला शेवटचं गाणं लावून दिलंय. मी तिच्या कानाशी ओरडतेय. आई. आई.

तिनं हात वर केला. म्हणाली, थांब पोरा. मागं कुणीतरी 'आई' म्हणतंय.

ऐकलं. तिनं ऐकलं मला.

ऑर्टविन कान देऊन ऐकतोय. ओशाळला. म्हणतो, माफ करा, फ्राउ बोर्गमान, थोडा कचरा राहिलाय मागं. आत्ता साफ करतो.

राहू दे रे, म्हणतेय ती. राहू दे की तेवढं.

छे, छे, कामच आहे माझं—

आईनं त्याचं मनगट धरलंय. तो हसून सोडवून घेतोय. मी अजून ओरडतेय, आई, सोडू नकोस, त्याचा हात सो