वीसपैकी वीस

पावस,
८ जानेवारी २०२४

चि. योगिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल पोचलं. सगळं फोनवर सांगते म्हणालीस, पण मला कामाची गोष्ट कागदावर लागते. फोनवरचं आपण दोघीही आपापल्या सोयीने विसरतो. तेव्हा तूही लिहूनच कळव.

खोक्यातून काडीला चिकटवलेले नायलॉनचे धागे निघाले. गोदा म्हणाली, ही तर गळाची तंगूस, एवढ्यासाठी तुमच्या भाचीने पुण्याहून टपालखर्च केला होय. गोदा तुला आठवत असेल, लहानपणी तुला खाडीवर न्यायची. सातवीपर्यंत माझ्या वर्गात होती आणि शास्त्रात दोनदा नापास झाली. आता छप्पन्न वर्षांची आहे. सुकतीला, ओहोटी लागली की, कमरेभर पाण्यात उभी राहते, चिखलात पायाची बोटं खुपसते आणि बोटांना शिंपलं लागलं की तिसरी उचलते. पाहावं लागत नाही. नवरा गेल्यापासून तिचं आणि लेकीचं, दर्शनाचं, घर त्या तिसऱ्यांवर चालतं.

तुला असे पाय तपासायचे आहेत हे समजलं. कशासाठी, ते दोन ओळींत लिही. बायका विचारतील, आणि मला स्वतःला न समजलेलं मी कुणाला सांगत नाही.

वेळेवर जेवत जा. उत्तर लवकर आलं तर लोभ आहे असं समजेन.

तुझी,
मृणालीआत्या


पुणे,
१७ जानेवारी २०२४

ती. मृणालीआत्यास,
सा. न. वि. वि.

दोन ओळी मागितल्यास, थोड्या जास्त घे. मेंदूत स्पर्शासाठी एक पट्टी असते आणि तीत शरीराच्या प्रत्येक भागाची जागा ठरलेली असते. हाताला आणि ओठांना ऐसपैस माजघर, पावलाला मागची पडवी. तीही डोक्याच्या मधल्या फटीत, आतल्या अंगाला. बहुतेकांच्या मेंदूत पायाच्या बोटांच्या जागा एकमेकींत मिसळलेल्या सापडतात. पण जी बाई चाळीस वर्षं बोटांनी चिखल वाचते आहे, तिच्या प्रत्येक बोटाला वेगळी खोली मिळाली असेल का? हे मला मेंदूची चित्रं काढणाऱ्या इथल्या यंत्रातून पाहायचं आहे. त्याआधी पावलाला स्पर्श नीट कळतो ना, एवढं तू तपासायचंस.

रीत अशी. बाईचे डोळे बांध. धागा पावलाला टेकव, जरा वाकला की उचल. लागलं तर तिने हो म्हणायचं. प्रत्येक पावलाला वीस वेळा. त्यांतल्या कुठल्याही पाच वेळा हात नुसता जवळ न्यायचा, टेकवायचं नाही. आणि तू अवाक्षर बोलायचं नाहीस. हे शेवटचं तुला जड जाईल, ठाऊक आहे.

चेष्टा मनावर घेऊ नकोस. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
योगिनी


पावस,
२ फेब्रुवारी २०२४

चि. योगिनीस,
अनेक आशीर्वाद.

सहा बायका तपासल्या, कागद सोबत आहे. गोदाला दोन्ही पावलांना वीसपैकी वीस. शास्त्रात जन्मात पहिल्यांदा पैकीच्या पैकी, म्हणून तिने सगळ्यांना चहा पाजला. बाकीच्या अठराच्या वर गेल्या नाहीत. त्यांतल्या मैनाचं म्हणणं, बाईंनी गोदाला पेपर फोडला.

ते पाच रिकामे प्रश्न मी घातले नाहीत. न टोचता लागलं का विचारायचं, ही फसवणूक झाली. अडतीस वर्षांत मी वर्गात खोटा प्रश्न घातला नाही, तो आता पायाला घालणार नाही. वीसच्या वीस वेळा खरोखर टेकवलं आहे. मुकाट बसूनही माझ्याने काम होत नाही. शुद्धलेखन घालताना म्हणायचे तसं दर वेळी हं म्हणत गेले. त्याने लक्ष राहतं.

परवा गोदाला चांगलंच बोलले. खाडीवरून माझ्याकडे आली ती एका पायात चप्पल घालून. दुसरी वाटेत गळून पडली आणि हिला पत्ता नाही. हल्ली टोपलीही अर्धीच असते आणि यायला मात्र सगळ्यांच्या मागून. पैकीच्या पैकी पडले म्हणून वेंधळेपणा माफ होत नाही, असं सुनावलं. ती हसत होती.

तुझ्या यंत्राला यश येवो. आमची आठवण कामापुरती तरी ठेव.

तुझी,
मृणालीआत्या


पुणे,
२४ मार्च २०२४

ती. मृणालीआत्यास,
सा. न. वि. वि.

ते पाच रिकामे हवे होते गं. फसवणूक नव्हे ती, तपासणीचीच तपासणी असते. पण यंत्राची वेळ मोठ्या मुश्किलीने मिळाली होती, पुन्हा तपास म्हणायला दिवस नव्हते. म्हणून तुझा कागद तसाच धरला.

गोदामावशी आणि दर्शना येऊन गेल्या. यंत्राची धडधड ऐकून मावशी म्हणाली, यापेक्षा आमच्या होडीचं इंजिन बरं, ते निदान कुठे तरी नेतं. पाऊण तास हूं की चूं न करता पडून राहिली.

निकाल मात्र विचित्र आला. तिच्या डाव्या बोटांवरून ब्रश फिरवला तरी मेंदूतली पावलाची जागा गप्पच. उजव्याची खूण अगदी पुसट. आधी येऊन गेलेल्या बाकीच्या बायकांची चित्रं स्वच्छ आहेत. तुझ्या कागदावर वीसपैकी वीस, आणि तू तपासलेला पेपर चुकायचा नाही. तेव्हा त्या दिवशी यंत्रातच दोष होता असं धरून तिची नोंद वगळली. तिला सांगू नकोस, हिरमुसेल.

काळजी घे, आणि माझ्यावर फार लाल शाई वापरू नकोस.

तुझी,
योगिनी


पावस,
९ मे २०२४

चि. योगिनीस,
आशीर्वाद.

गोदाच्या डाव्या तळव्यात कालवाचं धारदार शिंपलं रुतलं होतं. किती दिवस, हे तिलाही माहीत नाही. घरात वास सुटला म्हणून दर्शनाने शोध घेतला, तो तिच्या आईच्या पायापर्यंत पोचला. मी पाहिला तेव्हा तळवा काळा पडला होता. ओरडून विचारलं, सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, दुखलं असतं तर सांगितलं असतं.

रत्नागिरीला दवाखान्यात नेली. साखर चारशेच्या वर निघाली. कधी कुणी तपासलीच नव्हती. डॉक्टर म्हणाले, साखरेने पायाच्या नसा मेल्यात आणि हे दोन-तीन वर्षांचं दुखणं आहे. मग त्यांनी खणातून काडी काढली. योगिनी, तीच तंगूस. डाव्या पावलाला सगळीकडे टेकवली. गोदा काही बोलली नाही. उजव्याला दोन-तीनदा हो म्हणाली, तेव्हा त्या पायात जाणीव उरली आहे, तो जपा, असं डॉक्टरांनी सांगितलं.

डावा पाय गुडघ्याखाली काढायचा आहे. सोमवारी.

माझ्या कागदावर वीसपैकी वीस कसे आले, ते मला लिही. गुळमुळीत लिहू नकोस.

मृणालीआत्या


पुणे,
१५ मे २०२४

ती. मृणालीआत्यास,
नमस्कार.

गुळमुळीत लिहीत नाही. तिला स्पर्श कळत नव्हता. तुझं हं कळत होतं. तू दर वेळी हं म्हणालीस, ती दर वेळी हो म्हणाली. रिकाम्या पाच वेळा हेच तर पकडायचं असतं.

पण तू हे सगळं मला फेब्रुवारीतच लिहून कळवलं होतंस. मी वाचलं होतं. मार्चमध्ये यंत्राने खरं सांगितलं, तेही मी पाहिलं आणि यंत्रालाच खोटं पाडलं. माझा विषयच हा आहे, आत्या. चप्पल पायातून गळते आणि बाईला कळत नाही, हे वाचून मी हसले होते. तेव्हा तिला डॉक्टरकडे पाठवलं असतं तर पाय राहिला असता.

एक कर. उजव्या पायाची खूणही पुसट होती. डॉक्टरांना दिलेल्या होकारावर विसंबू नकोस. त्यांनी काही म्हटलं असेल, खुर्ची वाजली असेल. ती घरी आली की तो पाय तू पुन्हा तपास. रिकामे पाच घाल. बोलू नकोस. तिला पुढे त्याच पायावर उभं राहायचं आहे.

तू उत्तर देशील ना?

योगिनी


पावस,
४ जून २०२४

चि. योगिनीस,
आशीर्वाद.

गोदा घरी आली. पाय काढला. आता त्या नसलेल्या पायाच्या बोटांना चिखल लागतो म्हणते, अंगठ्याशी तिसरी आहे असं वाटतं आणि हात पुढे जातो. तुझ्या पडवीत अजून बातमी पोचलेली दिसत नाही. हे मी तुझ्या अभ्यासासाठी लिहिलेलं नाही. घडतं आहे म्हणून लिहिलं.

मी तिला विचारलं, लागत नव्हतं तर हो का म्हणालीस. ती म्हणाली, बाई, तुम्ही हं म्हणालात म्हणजे टोचलंच असणार. तुम्ही कशाला खोटं बोलाल. मग मीच नाही म्हणून नापास कशाला होऊ. वर्षभर ती पायांनी नाही, वाकून हातांनी तिसऱ्या काढत होती. म्हणून टोपली अर्धी आणि उशीर. मी त्याला आळस म्हटलं होतं.

काल उजवा पाय तपासला. खोली बंद केली, पंखा बंद केला, मनगटावरचं घड्याळसुद्धा काढून ठेवलं. तिचे डोळे बांधले. हा पेपर नाही, नाही म्हटलंस तरी चालेल, असं आधी सांगितलं. मग तोंड मिटलं. धागा अंगठ्याला टेकवला, करंगळीला, टाचेला. मध्ये तू सांगितलंस तसा हात नुसताच नेला. ती मान वाकडी करून ऐकत होती, काही बोलत नव्हती. मी मोजत होते.

दहावा टेकवून उचलला, तेव्हा तिने विचारलं, बाई, सुरू कधी करताय.

कागद सोबत आहे. हा खरा आहे. तो घेऊन तू स्वतः ये. तिला काय सांगायचं ते दोघींनी मिळून सांगू. बाकी लोभाचं नंतर पाहू.

तुझी,
मृणालीआत्या