आधी एक रुपया

धाराशिव,
ता. ३ नोव्हेंबर २०२५

ती. सुमनआत्यास क्षमाचा सविनय जयभीम, वि. वि.

आत्या, गाळा मिळाला! म्हणजे मिळाल्यातच जमा आहे. येरमाळ्यात, हायवेला, एसटी स्टँडच्या अंगाला. पुढं दोन ट्रॅक्टर उभे राहतील एवढी मोकळी जागा. काल बघून आल्यापासून मला जेवण गोड लागेना. पाण्याच्या मोटारी भरायच्या कामात सहा वर्षं दुसऱ्याच्या दुकानात काढली, आता पाटीवर माझं नाव येणार. ‘क्षमा मोटार वायंडिंग’ कसं वाटतं?

मालक मल्लिकार्जुनअप्पा म्हणून आहेत. पूर्वी तिथंच त्यांचं बियाण्याचं दुकान होतं, आता लातूरला मुलाकडं राहतात. याआधी दोन ठिकाणी आडनाव विचारून झाल्यावर कळवतो म्हणाले, ते अजून कळवतायत. अप्पांनी आडनाव विचारलंच नाही. जळालेली मोटार नुसत्या वासावरून ओळखता येते का, एवढंच विचारलं. येते म्हटलं, तर मोठ्यानं हसले.

अट एकच. पन्नास हजार इसार, तोही बँकेतून, महिनाअखेरच्या आत. रोकड नको, पुढं वाद नको म्हणाले. मुलाच्या ओळखीचा एक मोबाईलवालाही त्या जागेवर टपून बसलाय. पैसे तुम्ही देणार म्हणालात, म्हणून मी बिनधास्त हो म्हणून आले.

खरं तर फोनवर दोन मिनिटांत काम झालं असतं. पण गेल्या वर्षीपासून तुमचा कायदा, बँकेचं बोलणं फोनवर नाही, ओळखीच्या अक्षरातल्या पत्रानंच. तर घ्या! अप्पांच्या पासबुकावरून त्यांचा खाते नंबर आणि शाखेचा आयएफएससी कोड सोबतच्या चिठ्ठीवर उतरवलाय, खाली त्यांचा लातूरचा पत्ताही आहे. कोडाची पहिली चार अक्षरं बँकेची, मग शून्य, मागचे सगळे आकडे शाखेचे. गावाचा पिनकोड असतो ना, तसंच समजा. आता उगीच चार जणांना विचारत बसू नका, पैसे सोडा.

शेळ्या बऱ्या आहेत ना? लोभ आहेच, गाळा ताब्यात येईपर्यंत तो जरा वाढवा.

तुमची,
क्षमा


बेंबळी,
ता. ७ नोव्हेंबर २०२५

चि. क्षमास आत्याचे अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

पत्र वाचून म्या अंगणातच टाळ्या वाजवल्या. शेजारची अयोध्या पळत आली, तिला वाटलं शेळी व्याली. तिला म्हणलं, आमच्या भावाची लेक दुकानाची मालकीण होणार! पाटी लई मोठी कर बाई, एसटीतून वाचता आली पाहिजे.

काल ठेवणीतलं लुगडं नेसून बँकेत गेले. शारदा मॅडमनी तुजा कोड टाकला, तर कॉम्प्युटर घेईना. तू उतरवल्याला कोड जुना निघाला गं! अप्पांची बँक मागंच दुसऱ्या मोठ्या बँकेत गेली, शाखेचे कोड बदलले, आन् तू जुनंच पासबुक धरून बसलीस. मोटारीची केसाएवढी तार मोजून घेतीस आन् इथं डोळे झाकलेस व्हय? मॅडम म्हणाल्या, नवा कोड शोधून देते, पण खात्याचा नंबरबी बदलला असंल, त्यो मालकालाच विचारा. पैसा नंबर बघून जातो, एकदा दुसऱ्याच्या खात्यात पडला तर मागं आणताना नाकी नऊ येतात. म्हणून म्या अप्पांना सरळ स्पीडपोस्टानं लिहिलं, की नवा नंबर, नवा कोड आन् खात्यावर असंल तसं नाव तुमच्या हातानं लिहून धाडा. आधी एक रुपया सोडते. त्यो पोचल्याचं पत्र आलं की बाकीचे.

तू हसशील. हस. गेल्या साली त्यो मेला बँकेतून बोलतो म्हणला, मावशी मावशी करून ओटीपी काढून घेतला आन् माझे चाळीस हजार गेले. अंगणवाडीत तीस वर्षं गावची पोरं शहाणी केली आन् स्वतः येडी निघाले. तवापासून आरशात बघायची लाज वाटती गं. मॅडमनी समजावलं, नंबर आन् कोड म्हंजे घराचा पत्ता, त्यो सांगितल्यानं चोरी होत न्हाय, ओटीपी म्हंजे किल्ली, ती कुणाला द्यायची न्हाय. पटलं मला. पण दुधानं तोंड पोळलंय, ताक फुंकूनच पिणार.

घाई करू नको, येळेवर जेवत जा. जीव तुज्यापाशीच हाय, त्याला जप.

तुजी आत्या,
सुमन


धाराशिव,
ता. ११ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास जयभीम, वि. वि.

कोड जुना निघाला, चूक माझी, कान पकडते. पण आत्या, एक रुपया? इथं पाणी गळ्याशी आलंय आणि तुम्ही रुपया सोडून पत्राची वाट बघणार?

तो मोबाईलवाला आता पंच्याहत्तर हजार रोख द्यायला निघालाय, भाडंही वाढवून देतो म्हणतो. रविवारी लातूरला जाणार आहे, हे येरमाळ्याच्या चहावाल्यानं सांगितलं. मी अप्पांना फोन केला तर मुलानं उचलला. बघू म्हणाला आणि ठेवून दिला. हे बघू म्हणजे काय, ते मला चांगलं माहीत आहे.

तुम्ही येड्या नाही, कधीच नव्हता. त्यानं फसवलं, त्यात तुमचा काय गुन्हा? पण त्याची शिक्षा मला का? हा गाळा गेला, तर आडनाव न विचारणारा दुसरा मालक मी कुठून आणू? रागानं लिहितेय, माफ करा. लिहिता लिहिता रडूही आलं.

लोभ करायचाच आहे तुम्हाला, पण त्याआधी बँकेत जा.

तुमची,
क्षमा


लातूर,
ता. १७ नोव्हेंबर २०२५

श्रीमती सुमनबाई यांना मल्लिकार्जुन याचा शरणार्थ. सा. न. वि. वि.

मी लिहून दिलेल्या नंबर-कोडावर आपला एक रुपया शुक्रवारी दुपारी पोचला. मोबाईलवर आपलं नावही आलं, चष्मा लावून वाचलं. आपल्या इच्छेप्रमाणं हे पोचपत्र. बँकेनं त्यातून कमिशन कापलं नाही, एवढे उपकार.

आता कालची हकीकत. आमचे चिरंजीव मोबाईलच्या दुकानवाल्या गृहस्थाला घेऊन आले. त्यांनी टेबलावर पंच्याहत्तर हजार मांडले. मी म्हटलं, पैसे उचला, इसार आलाय आणि गाळा दिलाय. किती आला म्हणून चिरंजीवांनी विचारलं. एक रुपया म्हटल्यावर दोघे इतके हसले की चहा सांडला.

मग मी त्यांना आमच्या वडिलांची गोष्ट ऐकवली. बाजारात बैलजोडी पसंत पडली तेव्हा त्यांच्या कनवटीला एकच रुपया होता. तो त्यांनी मालकाच्या हातावर ठेवला आणि बाकीचे आणायला गावाकडं गेले. ते परत येईपर्यंत दुसरं गिऱ्हाईक जास्त द्यायला तयार होतं, पण मालकानं दावं सोडलं नाही. रुपया घेतला म्हणजे शब्द दिला. हातावर पडो की मोबाईलवर, रुपया तो रुपयाच. आता घेतलेला इसार या वयात मी फिरवायचा का? चिरंजीव रुसलेत, राग उतरेल दोन दिवसांत.

आपल्या भाचीस कळवावं, गाळा तिचा. बाकी रक्कम पाठवताना रुपया वजा करू नये, पुरे पन्नास हजार पाठवावेत. तो रुपया वरचा असू द्या, शुभाचा आहे. पोरीचा हात कामाचा आहे आणि तिच्या पाठीशी जपून पाऊल टाकणारं माणूस आहे, दोन्ही आवडलं.

ओळख पत्रानं झाली, तशीच राहावी ही विनंती.

आपला,
मल्लिकार्जुन


बेंबळी,
ता. २० नोव्हेंबर २०२५

चि. क्षमे, आशीर्वाद!

वि. वि. नंतर, आधी सोबतचं अप्पांचं पत्र वाच. वाचलंस? गाळा तुजा झाला गं माजे बाय!

खरं सांगते, त्यो रुपया म्या भ्यायले म्हणून सोडला होता. इसाराचं माज्या मनातबी नव्हतं. तुजं रडकं पत्र आलं तवा रुपया जाऊन पोचला होता, आन् माज्याच्यानं दोन दिस घास गिळंना. पोरीच्या दुकानाला मीच कुलूप लावलं म्हणून बसले होते. आन् माज्या भीतीनंच कुलूप उघडलं!

आज पुरे पन्नास हजार सोडले. नाव, नंबर, कोड, तिन्ही मोठ्यानं वाचून मगच बोट लावू दिलं मॅडमला. सगळी बँक बघत होती, बघंना का. घरी आले आन् आरशासमोर उभी राहून कुंकू लावलं.

आता पाटीवरचं नाव चुकवू नको म्हंजे झालं.

तुजी,
आत्या


येरमाळा,
ता. १८ जानेवारी २०२६

ती. आत्यास जयभीम, वि. वि.

दुकान सुरू होऊन महिना होत आला आणि पत्राला आज सवड मिळतेय, यावरून काय ते समजा. तुम्ही उद्घाटनाला अप्पांशी शेळ्यांवरून जो वाद घातलात, त्याची चहावाला अजून आठवण काढतो. अप्पांचा मुलगाही येऊन गेला. जाताना त्याच्या शेतातली जळालेली मोटार ठेवून गेला. मी ती अशी भरून दिलीय की दहा वर्षं हूं की चूं करणार नाही.

तुमचे पन्नास हजार एकदम देता येणार नाहीत, दर महिन्याला थोडे पाठवीन. नको म्हणून लिहू नका, मी ऐकणार नाही. हा महिना बरा गेला. पहिला हप्ता तयार आहे, तुमचा नंबर आणि कोड तुमच्याच अक्षरात समोर भिंतीला चिकटवलाय. तरी अजून पाठवलेला नाही.

आज फक्त एक रुपया सोडलाय. पोचला की पत्र टाका. फोन करू नका, मी उचलणार नाही.

तुमची,
क्षमा